टर्मिनलवर मागचा रंग दिला की खालच्या ओळीत लाल पट्टा का उमटतो?

तुमचा प्रश्न असा आहे: बॅश स्क्रिप्टमध्ये (टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालणाऱ्या कमांडांच्या फाइलीत) चूक झाल्याचा संदेश लाल बॅकग्राउंडवर पांढऱ्या अक्षरांत दाखवता. कधी सगळं नीट दिसतं, तर कधी संदेशाखालच्या ओळीत कडेपर्यंत लाल पट्टा राहतो. कोड तोच, मग फरक का?

आधी एक करून बघा. स्क्रीन क्लिअर करा आणि स्क्रिप्ट चालवा. पट्टा येणार नाही. मग एंटर दाबत दाबत प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी खूण) अगदी तळाला न्या आणि पुन्हा चालवा. आता येईल.

टर्मिनल एकेका शब्दाला रंग लावत नाही, ते रंग चालू करून ठेवतं. तुम्ही बंद करेपर्यंत तो चालूच. तळाशी असताना ओळ मोडली की सगळा मजकूर एक ओळ वर सरकतो आणि खाली जी नवी ओळ उघडी पडते, ती त्या क्षणी चालू असलेल्या बॅकग्राउंडने भरली जाते. बहुतेक टर्मिनलं असंच करतात. तुम्ही रंग बंद करायचा कोड पुढच्या एको (मजकूर छापणारी कमांड) ओळीत लिहिला असणार. एको स्वतःच ओळ मोडतो, म्हणजे तुमचा कोड पोचेपर्यंत लाल ओळ भरून झालेली असते. तो कोड संदेशाच्याच अवतरणचिन्हांत, शेवटच्या शब्दाला चिकटून लिहा. पट्टा जाईल.

लिहायचं असं: बॅकस्लॅश, ०३३, चौकोनी कंस उघडा, ३७, अर्धविराम, ४१, छोटा एम. मग संदेश. मग पुन्हा तेच, फक्त ‘३७, अर्धविराम, ४१’ च्या जागी एकटं ०. (आकडे अर्थात इंग्रजी टाइप करायचे, आणि एकोला हे कोड कळावेत म्हणून त्याला उणे ई द्यायचं.) ३० ते ३७ अक्षरांचे रंग, ४० ते ४७ मागचे. क्रम दोन्हीकडे एकच: काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, गुलबक्षी, आकाशी, पांढरा. ९० पासून अक्षरांच्या आणि १०० पासून मागच्या उजळ छटा. ही पद्धत जुनी आहे. १९७८ सालचं व्हीटी१०० हे टर्मिनल एकरंगी होतं, तरी ठळक आणि अधोरेखित अक्षरांसाठी त्यात अशाच धाटणीचे कोड होते.

आता जे मला तुम्हाला खरंच सांगायचंय ते. अक्षरांचा रंग दिलात तर मागचाही द्या. एकटा कधी देऊ नका.

मी दुपारपाळीला डोंबिवलीहून निघते. त्या वेळी बसायला जागा मिळते, म्हणून गाडीतच लॅपटॉप उघडते. खिडकीतून ऊन आलं की काळ्या टर्मिनलवर अक्षरांऐवजी आपलाच चेहरा दिसतो, म्हणून मी एकदा थीम पांढरी केली. आमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये इशाऱ्याच्या ओळी पिवळ्या होत्या, नुसता ३३, मागचा रंग नाही. पांढऱ्यावर त्या दिसेनाशा झाल्या. डिस्क भरत आल्याचा इशारा त्यातच होता आणि तो मी दोन दिवस वाचला नाही. तिसऱ्या दिवशी बॅकअप अर्ध्यावर थांबला.

वेबवरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ असावं असं मानतात. शुद्ध पिवळा पांढऱ्यावर जेमतेम १.०७ भरतो, शुद्ध निळा काळ्यावर २.४. काळ्या टर्मिनलवर निळी फोल्डरं वाचताना डोळे ताणावे लागतात, ते यामुळेच. तुमची पांढरी-लाल जोडी या दोन्हींपेक्षा बरीच वाचनीय आहे, ती ठेवा.

प्रॉम्प्टमध्येही रंग भरणार असाल तर प्रत्येक रंगाच्या कोडाभोवती बॅकस्लॅशसह चौकोनी कंस घाला, उघडणारा आणि मिटणारा. नाहीतर बॅश ती न दिसणारी अक्षरंही लांबीत मोजतं, आणि लांब कमांड टाइप करताना ती पुढच्या ओळीत न जाता त्याच ओळीवर चढते. मी खऱ्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल पार्श्वभूमीचा ठेवलाय, चाचणीच्या सर्व्हरचा साधा. रात्री अकराला दोन खिडक्या शेजारी उघड्या असताना आपण कुठे आहोत हे वाचावं लागत नाही, दिसतं.

आकडे पाठ करायचे नसतील तर टीपुट ही कमांड वापरा: सेटएएफ ७ अक्षरांसाठी, सेटएबी १ मागच्यासाठी, एसजीआर० बंद करायला. आणि स्क्रिप्टचं आउटपुट फाइलमध्ये जाणार असेल तर रंग देण्याआधी ते टर्मिनलवरच जातंय ना हे टेस्ट उणे टी १ ने तपासा, नाहीतर लॉगभर चौकोनी कंस आणि आकडे विखुरलेले दिसतील.

कोड हलवूनही पट्टा राहिला तर ती एको ओळ जशीच्या तशी इथे टाका, मी बघते.