आधी बसायची जागा, मग चित्र

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा जुन्या जागा रेखाटायच्या आहेत, पण दोनदा वही घेऊन गेलात आणि दोन्ही वेळा पाच-सहा अर्धवट पानं घेऊन परत आलात. गेली बारा-तेरा वर्षं सुट्टीच्या दिवशी मी हेच करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अडचण तुमच्या हाताची नाही, बसण्याची आहे. आपण पोचतो, सगळं फिरून बघतो आणि जे आवडेल ते उन्हात उभ्याउभ्या काढायला लागतो. अर्ध्या तासात पाय भरून येतात, ऊन डोळ्यावर येतं आणि पान तिथंच सुटतं. त्यापेक्षा आधी दोन तास सावली टिकेल अशी जागा शोधा. तिथून जे दिसेल ते त्या दिवसाचं चित्र. मग समोर देवळाची नुसती मागची भिंत आली तरी चालेल.

मागची भिंत म्हणतोय ते उगाच नाही. वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. बहुतेक जण समोरून शिखरासकट काढतात. मीही पहिल्या वेळी तसंच काढलं, शिखरापासून खाली येत गेलो आणि पायऱ्यांना कागदच उरला नाही. पुढच्या खेपेला समोर गर्दी होती म्हणून मागे सावलीत बसलो. भिंतीची रेघ सरळ ओढली तर बसेना. तीनदा खोडल्यावर नीट पाहिलं, तर भिंत सपाट नव्हतीच, माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेली होती. कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून ती तशी बांधली आहे. हे आधी ऐकून माहीत होतं, पण खरं कळलं ते रेघ चुकल्यावर. तेव्हापासून मला समोरच्या बाजूपेक्षा मागच्या आणि कडेच्या बाजूच जास्त आवडतात.

म्हणून सुरुवात वाईपासूनच करा. स्वारगेटहून एसटी आहे; पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत नदीच्या घाटावर असाल. पोचल्यावर लगेच पेन्सिल टेकवू नका. आधी दारात किंवा पायरीवर उभा असलेला एखादा माणूस बघा. तो माणूस म्हणजे तुमचं माप. देऊळ किती माणसं उंच, घाटाची एक पायरी त्याच्या गुडघ्याच्या किती खाली, एवढं हात लांब करून पेन्सिलीवर मोजलं की वर-खाली किती कागद लागेल ते कळतं. मग सावल्यांच्या कडा हलक्या हाताने आखा आणि नंतर त्या अजिबात बदलू नका. दीड तासात ऊन सरकतं, आपण सावलीच्या मागे धावलो की एकाच भिंतीवर दोन दिशांनी उजेड पडलेला दिसतो.

सामान थोडंच घ्या: जाड कागदाची ए-५ वही, २बी आणि ६बी पेन्सिल, खोडरबर, छोटी रंगपेटी, एक ब्रश, बसायला जाड सतरंजीचा तुकडा. काळ्या पाषाणाला काळा रंग मात्र लावू नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून जो करडा येतो तोच लावा. उन्हातल्या दगडाला सिएना जास्त, सावलीतल्याला निळा जास्त. एवढ्या एका बदलाने माझे घाट जिवंत झाले.

लोक येऊन उभे राहतील. संकोच करू नका, वही झाकूही नका. एकदा एक आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि मग मी काढलेल्या पायऱ्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "पाणी इथवर आलं होतं बघा." ती पायरी मी चित्रात खूण करून ठेवली आहे.

दुपारी जेवून मेणवलीला जा, वाईपासून जवळच आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट आणि तिथल्या घुमटीत टांगलेली घंटा. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली ही चर्चमधली घंटा. तिच्यावर १७०७ हा आकडा कोरलेला आहे. पूर्ण घाट काढायच्या भरीस पडू नका, घुमटीची कमान आणि आतली घंटा एवढंच घ्या. कमानीच्या आतला अंधार आधी भरलात तर घंटेचा आकार आपोआप उठून येतो.

पावसाळ्यात मात्र घाटांवर जाऊ नका, दगड शेवाळलेले असतात आणि पाणी कधी चढेल सांगता येत नाही. ते चार महिने पुण्यातल्याच पाताळेश्वर लेण्यात बसा. तिथला गोल नंदीमंडप आणि त्याचे जाड खांब काढायला सोपे दिसतात, पण गोलाई साधायला दोन-तीन रविवार जातात. पहिलं पूर्ण झालेलं पान इथे नक्की टाका, कसंही झालं असलं तरी. कुठून बसून काढलंत तेही लिहा.