आधी मशीनला विचार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट पाहिले. एचबीएवनसी 7.8, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी वरच आहे. "मी एवढी बारीक, मला डायबेटिस कसा?" या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या एका डॉक्टरांच्या अंगावरच आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांचा फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. तेव्हा वजनकाट्याचं कौतुक पुरे, कमरेला टेप लाव. बायकांचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत हवा. आणि तुझ्या वयात, तुझ्या अंगकाठीला हा टाइप 1, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो प्रकार, तर नाही ना, हे पाहायला डॉक्टरांनी रक्तातल्या अँटिबॉडी किंवा सी-पेप्टाइड तपासायला सांगितलं, तर टाळाटाळ करू नकोस.

आता सल्ले सुरू होतील. मामी कारल्याचा रस पाजतील, शेजारचे काका जांभळाच्या बियांची पूड आणून देतील. सगळ्यांना 'हो' म्हण, गोळी मात्र डॉक्टरांचीच घे आणि बाकीचं ग्लुकोमीटरला विचार. पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचायचं. आज दोन पोळ्या, उद्या तेवढीच भाकरी, परवा पोहे. साधारण 180 च्या आत राहिलं तर ते जेवण तुला चाललं. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धर. पट्ट्या महाग असतात, कायम रोज तपासायची गरज नाही, पण सुरुवातीला कंजुषी नको.

भाकरीचंही ऐक. "भाकरीच तर खाते, मग शुगर का वाढली?" असं विचारणारे ओपीडीत रोज येतात. ज्वारीतही शंभर ग्रॅमला पासष्ट-सत्तर ग्रॅम कर्बोदकं असतातच. भाकरी चांगली, पण एक. गूळ आणि मध तर साखरेचे सख्खे भाऊ, त्यांना 'नैसर्गिक' म्हणून ताटात घेऊ नकोस. चहातली साखर आधी अर्धी कर, मग बंद.

तुझा मेसचा डबा मला न बघताही दिसतो. चार पोळ्या, भाताची मूद, बटाट्याची भाजी, आणि वरणात डाळ शोधावी लागते. काकूंना सांग, "भात नको, पोळ्या दोनच द्या, उसळ दुप्पट द्या, पैसे तेवढेच घ्या." त्या खुशीने देतील. काकडी-टोमॅटो तू स्वतः ने. आधी ते आणि उसळ, पोळी त्यानंतर. नुसता क्रम बदलला तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते. खोटं वाटलं तर टोचून बघ. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं गच्चीत फेऱ्या मार, हवं तर फोनवर बोलत.

संकष्टी सोडायला मी सांगणार नाही, तू ऐकणारही नाहीस. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही, मूठभर शेंगदाणे. गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर उपाशीपोटी त्याने साखर फार उतरू शकते, म्हणून उपवासाच्या दिवशी ती कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. उपाशीपोटी घाम फुटला, हातपाय थरथरले तर तपास. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. मशीन जवळ नसेल तर साखर आधी. तेव्हा डाएट आठवायचं नाही.

आई म्हणते, स्थळं येतायत, एवढ्यात कुणाला सांगू नका. मला हे अजिबात पटत नाही. गोळ्यांचा डबा लपवून संसार होत नाही. शिवाय मूल हवं असेल तेव्हा आधीपासून साखर ताब्यात लागते, शक्यतो एचबीएवनसी 6.5 च्या आत, आणि गोळ्याही बदलाव्या लागू शकतात. नवऱ्याला ठाऊकच नसेल तर हे जमायचं कसं? आईशी मी बोलेन.

डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (मूत्रपिंडासाठीची) तपासणी याच महिन्यात उरकून घे, मग दरवर्षी. पंधरा दिवसांचे आकडे वहीत लिहून फोटो पाठव. प्रत्येक आकड्यासमोर काय खाल्लं तेही लिही. मिसळ खाल्लीस तर मिसळच लिही, सोबत पाव किती ते पण.

तुझी,
मावशी