दाहाचे रिसेप्टर, कर्करोग आणि कन्येची संशोधनाची इच्छा

स. न.

आपली कन्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून तिला रोगप्रतिकारक पेशींवरील रिसेप्टर प्रथिने (जंतूंची किंवा इतर रेणूंची खूण ओळखून पेशीला इशारा देणारी प्रथिने) आणि कर्करोग यांवर संशोधन करायचे आहे. हे तात्पुरते आकर्षण ठरले तर तिच्या पोटापाण्याचे काय, असे आपण विचारले आहे.

विषय तात्पुरता नाही. टोल हे प्रथिन फळमाशीचे बुरशीपासून रक्षण करते, हे ज्यूल हॉफमन यांनी १९९६ मध्ये दाखवले, आणि त्याच कुळातील टीएलआर-४ (टीएलआर म्हणजे टोलसारखा रिसेप्टर) काही जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक ओळखते, हे ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये. २०११ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. रिसेप्टरने जंतू ओळखला की दाह सुरू होतो आणि जंतू गेल्यावर तो शमायला हवा. पण हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या संसर्गात जठराचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो, पेशींच्या डीएनएला इजा होत राहते आणि काही रुग्णांत त्यातून कर्करोग उद्भवतो. उलट टीएलआर-७ मुद्दाम चेतवणारे इमिक्विमॉड मलम त्वचेच्या काही वरवरच्या कर्करोगांवर उपचार म्हणून वापरतात. कोणता रिसेप्टर, कोणत्या पेशीत, किती काळ जागा राहिला यावर सारे अवलंबून असते, आणि हे उलगडायला अजून पुष्कळ माणसे लागणार आहेत.

तरीही ‘कॅन्सर बायॉलॉजी’ असे नाव पाहून महागड्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन, जॅम अथवा गॅट-बी या प्रवेश परीक्षेतून चांगल्या संस्थेत एम.एस्सी. करावी आणि मग सीएसआयआर-नेट ही संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी. तीतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे पीएच.डी.ची साधारण पाच वर्षे आपल्यावर भार पडत नाही. मात्र प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आहेत, हे तिने आताच जाणून असावे. कंपन्यांचा मार्गही आहे: कृत्रिम रिसेप्टर बसवलेल्या टी-पेशींची (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींची) नेक्सकार१९ ही रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिली व ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, अशा पेशी तयार करण्यासाठी आणि तपासण्यासाठी प्रशिक्षित हात लागतात.

निर्णयाची घाई करू नका. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी तिला अर्ज करू द्या, शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात प्रशिक्षणाची संधी आहे का, याची चौकशी करा. दोन महिने पेशी वाढवून, फसलेला प्रयोग चौथ्यांदा मांडतानाही तिचे मन तिथे रमले, तर मला पुन्हा लिहा, एम.एस्सी.च्या संस्था आपण मिळून ठरवू.