नोटीस लागली, पुढे काय?

सत्र सुरू झालं की संगणक विभागाच्या नोटीसबोर्डावर कागदावर कागद चढतो. या वेळच्या पत्रांतले बरेचसे घोळ एकाच जातीचे आहेत. नोटीस वाचलेली असते, पण तिच्यातला पहिला टप्पा उरकला की काम झालं असं धरलेलं असतं. म्हणून उत्तरं जरा खोलात दिली आहेत.

विभागाने एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा, १२ आठवड्यांचा कोर्स करायला सांगितला आहे. मी नाव नोंदवलं आणि असाइनमेंटही भरतेय. मैत्रीण म्हणते, परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो. खरं का? आणि मधल्या तीन असाइनमेंट बुडाल्यात, तर सर्टिफिकेट गेलं का?
*— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, नांदेड*

मैत्रिणीचं ऐका, आणि आजच फॉर्म भरा. कोर्सला नाव घालणं फुकट असतं. परीक्षेची नोंदणी स्वतंत्र, आणि तिला कोर्समागे १००० रुपये लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना यात निम्मी सवलत आहे, तिच्यासाठी दाखला अपलोड करावा लागतो. ही नोंदणी कोर्स चालू असतानाच बंद होते. बारा आठवडे इमाने इतबारे असाइनमेंट भरून शेवटी हाती काही न लागणारे विद्यार्थी दर सत्रात निघतात, ते इथेच अडकलेले असतात.

बुडालेल्या असाइनमेंटची फार काळजी नको. १२ आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी सर्वोत्तम आठ धरतात. ८ आठवड्यांच्या कोर्सला आठपैकी सहा, ४ आठवड्यांच्या कोर्सला चारपैकी तीन. म्हणजे तुमच्या तीन बुडाल्या तरी अजून एकीची मुभा आहे.

गोची गुणांच्या दुहेरी अटीत आहे. असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के भार असतो, पण दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं: २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०. समजा, तुमची असाइनमेंटची सरासरी ८८ टक्के आहे. त्याचे २२ झाले. परीक्षेत १०० पैकी ३८ मिळाले, तर ७५ पैकी होतात २८.५. बेरीज ५०.५, आणि तरीही सर्टिफिकेट नाही! असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात, त्यामुळे हा आकडा सगळ्यांचाच फुगलेला असतो. परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यायची असते. एकूण ६० ला ‘एलिट’, ७५ ला रौप्य आणि ९० ला सुवर्ण असा शेरा मिळतो.

आणखी एक. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे क्रेडिट मिळाले असं नव्हे. १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा धरतात, पण तुमच्या अभ्यासक्रमात कुठल्या विषयाऐवजी तो चालेल हे विभाग ठरवतो. ती मंजूर यादी कोर्स निवडण्याआधी बघायची. फॉर्ममध्ये नाव आधारवर आणि विद्यापीठाच्या नोंदीत आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. ‘पाटील स्नेहा’ आणि ‘स्नेहा पाटील’ आपल्याला एकच वाटतात. क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्यात, नोंद जुळवताना मात्र असाच फरक नडतो.

लॅबच्या सबमिशनसाठी नोटीस आहे की सगळे प्रोग्राम ‘मॉस’मधून तपासले जातील. व्हेरिएबलची नावं बदलली, फंक्शन खाली-वर केली, तर ते पकडतं का? आणि दोघांचा कोड खरोखरच योगायोगाने सारखा आला तर?
*— द्वितीय वर्ष, बी.एस्सी. संगणकशास्त्र, सातारा*

पकडतं. कसं ते सांगतो, म्हणजे त्या खटाटोपात रात्र जाणार नाही.

मॉस हे स्टॅनफर्डच्या अॅलेक्स आयकेन यांनी १९९४ मध्ये तयार केलेलं, प्रोग्रामांमधलं साम्य शोधणारं साधन आहे. दोन फाइलींच्या ओळीला ओळ लावून ते बघतच नाही. आधी ते मोकळ्या जागा आणि कॉमेंट काढून टाकतं आणि सगळ्या व्हेरिएबलना एकाच खुणेने ओळखतं. तुमचं ‘बेरीज’ आणि मित्राचं ‘टोटल’ तिथेच सारखं झालं. मग उरलेल्या मजकुराचे ठरावीक लांबीचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्या तुकड्यावरून काढलेला आकडा) काढतं आणि त्यातले निवडक हॅश त्या प्रोग्रामचे बोटांचे ठसे म्हणून ठेवतं. हे ठसे छोट्या तुकड्यांचे असल्यामुळे फंक्शन वरचं खाली नेलं तरी ठसा त्याच्याबरोबर जातो. ‘फॉर’चा ‘व्हाइल’ केला, तर त्या दोन-तीन ओळींपुरते ठसे बदलतात. लूपच्या पोटातला हिशेब तसाच सापडतो. ठसे पूर्ण बदलायचे तर प्रोग्रामची रचना नव्याने बांधावी लागते, आणि तेवढं जमतं त्याला उतरवण्याची गरज नसते.

योगायोगाचा प्रश्न रास्त आहे. सरांनी दिलेला सुरुवातीचा कोड ‘बेस फाइल’ म्हणून दिला, की तो हिशेबातून वगळला जातो. शिवाय एखादा तुकडा दहापेक्षा जास्त प्रोग्राममध्ये दिसला (हा आकडा मूळ सेटिंगचा), तर तो सगळ्यांचाच समजून सोडून दिला जातो. बबल सॉर्टच्या चार ओळी साऱ्या वर्गाच्या सारख्या असल्या तरी कोणी अडकत नाही. अडकतात ते फक्त दोघांत किंवा तिघांत जुळणारे विचित्र तुकडे: तीच अनावश्यक अट, तीच चुकीची सीमा, कुठेच न वापरलेलं तेच फंक्शन.

मॉस साम्य दाखवतं, चोरी सिद्ध करत नाही. निकालात जोडीगणिक टक्के आणि जुळणाऱ्या ओळी येतात, निवाडा शिक्षकांनी करायचा असतो. जुळणी खोटी असेल, तर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बसा आणि प्रोग्राममध्ये एक छोटा बदल समोर करून दाखवा. स्वतः लिहिलेल्याला ते पाच मिनिटांत जमतं. काही विभाग फक्त टक्के बघून थेट शून्य देतात. ते चूक आहे, आणि तसं लेखी विचारायला हरकत नाही.

चॅटबॉटने लिहिलेला कोड ओळखणं हे मॉसचं काम नाही. पण दोघांनी एकाच बॉटकडून सारखीच उत्तरं आणली, तर ती जुळणारच.

फायनल इयर प्रोजेक्ट गिटहबवर टाकायची नोटीस आहे. पुश करताना फाइल मोठी आहे म्हणून नाकारतं. मी ती मॉडेलची फाइल डिलीट करून परत कमिट केलं, तरी तोच एरर. रेपॉझिटरी खराब झाली का?
*— अंतिम वर्ष, माहिती तंत्रज्ञान, छत्रपती संभाजीनगर*

खराब काही झालेलं नाही, गिट आपलं काम चोख करतंय. गिट बदलांचा इतिहास ठेवतं: कमिट ही त्यातली एक नोंद, आणि पुश म्हणजे त्या नोंदी गिटहबच्या सर्व्हरवर पाठवणं. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, ५० च्या वर गेली की नुसती ताकीद देतं. तुम्ही फाइल आज काढलीत, पण कालच्या कमिटमध्ये ती आहेच, आणि पुश करताना इतिहासासकट सगळं जातं.

आधी पूर्ण फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवा. पुश न झालेले कमिट थोडेच असतील, तर ‘रीसेट’ ही आज्ञा ‘सॉफ्ट’ पर्यायासह देऊन सर्व्हरवरच्या शेवटच्या कमिटपर्यंत मागे या. तुमचं काम फोल्डरमध्ये तसंच राहतं, मधले कमिट तेवढे विरघळतात. मग त्या फाइलचं नाव ‘गिटइग्नोर’ या वगळायच्या फाइलींच्या यादीत घाला, ती स्टेजमधून (पुढच्या कमिटच्या तयारीतून) काढा आणि सगळ्याचा एक नवा कमिट करून पुश करा. ‘सॉफ्ट’च्या जागी ‘हार्ड’ लिहू नका, कमिट न केलेलं काम जागच्या जागी जाईल. फाइल जुन्या कमिटमध्ये खोल रुतली असेल, तर ‘फिल्टर-रेपो’ हे साधन संपूर्ण इतिहासातून तिला उपटून काढतं. त्यानंतर मात्र गटातल्या प्रत्येकाने रेपॉझिटरी नव्याने क्लोन करायची, म्हणजे सर्व्हरवरून ताजी प्रत उतरवायची. एकानेही जुन्या प्रतीवरून पुश केलं, तर ती फाइल परत आलीच म्हणून समजा.

मॉडेल परीक्षकांना द्यायचंच असेल, तर ते ‘रिलीज’ला जोडा, तिथे एका फाइलला २ जीबीपर्यंत जागा असते. आणि हाच नियम पासवर्डला किंवा एपीआय कीला (दुसरी सेवा वापरण्यासाठीच्या गुप्त किल्लीला) लावून बघा: अशी किल्ली एकदा पुश झाली, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून काही होत नाही. ती लगेच रद्द करून नवीन घ्यायची.

गेट तिसऱ्या वर्षात देता येते का? दिली तर फायदा काय? आणि निगेटिव्ह मार्किंग नक्की कशाला असतं?
*— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, कोल्हापूर*

गेट ही मुख्यतः एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते, आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत दिलेल्या परीक्षेवर तुम्ही पदवीनंतर एम.टेक.ला अर्ज करू शकता. नोकरभरतीत गेट बघणाऱ्या सरकारी कंपन्यांचं गणित वेगळं आहे: त्या बहुधा जाहिरातीत ठरावीक वर्षाचाच स्कोअर मागतात. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनाही बसता येतं, पण तीन वर्षांच्या पदवीवर थेट एम.टेक. सहसा मिळत नाही. तेव्हा संस्थेची अट आधी वाचा.

पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे, आणि संगणकाची मुलं नेमकं त्याकडेच दुर्लक्ष करतात. एकच उत्तर बरोबर असलेल्या पर्यायी प्रश्नात चुकलं, तर १ गुणाच्या प्रश्नाला १/३ आणि २ गुणांच्या प्रश्नाला २/३ गुण कापतात. एकाहून अधिक उत्तरं बरोबर असू शकतात त्या प्रश्नांना आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांना कापाकापी नाही. म्हणून आकड्याचा प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध तोटा. अनेक-उत्तरी प्रश्नात अर्धं बरोबर याला गुण नाहीत, सगळे पर्याय जुळले तरच मिळतात.

स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचा माउसने चालवावा लागतो आणि तो भलताच वेळखाऊ आहे. सरावही त्याच्यावरच करा. २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वेगळा पेपरही सुरू झाला आहे.

महाडीबीटीवर शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पण पैसे खात्यात नाहीत. बँक म्हणते, आधार लिंक आहे.
*— प्रथम वर्ष, संगणक अभियांत्रिकी, लातूर*

बँक खोटं बोलत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही. खात्याला आधार लिंक असणं म्हणजे केवायसी पूर्ण. सरकारी पैसे येतात ते सीडिंगवर, म्हणजे एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे तिथे. लिंक चार खात्यांना असू शकतं, सीडिंग एकाच बँकेला असतं. कॉलेजसाठी नवं खातं उघडताना फॉर्मवर संमतीची खूण केली असेल, तर सीडिंग तिकडे सरकलं असणार. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघा. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही ते दिसतं. बंद असेल, तर बँकेत ‘आधार सीडिंग’ असा शब्द लिहूनच अर्ज द्या. आधी घरातलं जुनं पासबुक भरून घ्या. पैसे कित्येकदा तिथेच पडलेले सापडतात.

आयसीपीसीसाठी विभागात संघ निवडताहेत. चुकीच्या सबमिशनचा दंड कसा मोजतात?
*— द्वितीय वर्ष, पुणे*

आयसीपीसी ही प्रोग्रामिंगची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा: तिघांचा संघ, एक संगणक, पाच तास. क्रम आधी सुटलेल्या प्रश्नांच्या संख्येवर लागतो, बरोबरी झाली तर वेळेवर. ४० व्या मिनिटाला प्रश्न सुटला आणि त्याआधी दोनदा चुकला, तर ४० अधिक प्रत्येक चुकीची २०, मिळून ८० मिनिटं. जो प्रश्न सुटलाच नाही, त्याच्या चुकांचा दंड नाही. म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत अडलेल्या प्रश्नावर बिनधास्त प्रयत्न करा. संघ निवडताना मात्र तिघेही टायपिंगला धावणारे नकोत. एक जण तरी कागदावर कोड लिहून तपासणारा हवा, कारण कीबोर्ड एकच आहे.

गुगल समर ऑफ कोड फक्त विद्यार्थ्यांसाठी असतं ना? प्रपोजल किती पाठवायची?
*— तृतीय वर्ष, पणजी*

मुक्त स्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो तिथे, काम करायला लावणारा हा गुगलचा उपक्रम. २००५ पासून तसंच होतं. २०२२ पासून १८ वर्षं पूर्ण झालेल्या, मुक्त स्रोत प्रकल्पांत नवख्या कोणालाही ते खुलं आहे. प्रपोजल जास्तीत जास्त तीन पाठवता येतात, निवड एकाचीच होते. आमच्या मते एकच पाठवा, पण संस्थांची यादी फेब्रुवारीत लागली की त्याच आठवड्यात तिथल्या चर्चेत उतरा आणि एखादा छोटा दोष दुरुस्त करून द्या. प्रपोजलची मुदत संपायच्या आदल्या रात्री पहिल्यांदा ‘हॅलो सर’ लिहिणाऱ्यांची तिथे रांग असते. आणि मोठा प्रकल्प ३५० तासांचा असतो. विद्यापीठाची परीक्षा जूनपर्यंत लांबणार असेल, तर १७५ तासांचाच घ्या आणि परीक्षेच्या तारखा प्रपोजलमध्ये उघड लिहा. मेंटॉर त्याने बिचकत नाहीत, न सांगता गायब होणाऱ्यांवर मात्र मध्यावधी मूल्यमापनात फुली बसते.

व्हॉट्सअॅपवर इंटर्नशिपची नोटीस आली. ऑफर लेटर लगेच मिळतं, फक्त सर्टिफिकेटचे ९९९ रुपये भरायचे. घेऊ का?
*— द्वितीय वर्ष, जळगाव*

नका घेऊ. मुलाखत नाही, मेंटॉरचं नाव नाही आणि पैसे तुम्हीच द्यायचे, ती इंटर्नशिप नव्हे, छपाई आहे. क्रेडिटसाठी हवी असेल, तर आधी विभागाच्या समन्वयकांना कंपनीचं पत्र दाखवा आणि होकार लेखी घ्या.