जपानमधली छोट्या शहरातली कंपनी बांधकामाचं सामान, मोठी दुकानं आणि हॉटेल असं सगळं एकत्र का करते? धंदा भरकटत नाही का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की घरचं सिमेंट-हार्डवेअरचं दुकान आहे, भावाला शेजारच्याच गाळ्यात खानावळ काढायचीय, तो जपानी कंपन्यांचा दाखला देतो आणि वडील म्हणतात एक धरा आणि तेच नीट करा. मी नीगाता भागात नोकरीला आहे, अवजारं बनवणाऱ्या लाइनमध्ये, आणि तुमचा भाऊ बहुतेक ज्या कंपनीबद्दल बोलतोय तिच्या दुकानात माझा पगारातला बऱ्यापैकी पैसा जातो, म्हणून लिहितोय. थोडक्यात सांगायचं तर कंपनी भरकटलेली नाही, पण भावाने तो दाखला अर्धाच वाचलाय.

कंपनीचं नाव आर्कलँड्स. मूळ गाव सान्जो, नीगाता प्रीफेक्चर म्हणजे प्रांत, लोकवस्ती लाखाच्या आत. पण गाव साधं नाही. सतराव्या शतकात इथली नदी सारखी पूर आणायची, भातशेती बुडायची, तेव्हा तिथल्या सरकारी अधिकाऱ्याने एडोहून म्हणजे आजच्या टोकियोहून खिळे बनवणारे लोहार बोलावले आणि शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून खिळे ठोकायला शिकवलं असं इथे सगळे सांगतात. खिळ्यांवरून विळे, मग सुऱ्या, करवती, पकडी, पाने. शेजारचं त्सुबामे गाव चमचे-काट्यांसाठी प्रसिद्ध. १९८२ ला शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन आली तेव्हा स्टेशनला दोन्ही गावांची नावं जोडून द्यावी लागली, त्सुबामे-सान्जो, त्यावरूनही म्हणे बरीच ओढाताण झाली होती. रॉकेलचे हीटर बनवणारी कोरोना सान्जोची, तंबू विकणारी स्नो पीकही सान्जोची, आणि ती स्नो पीकसुद्धा १९५८ ला लोखंडी सामानाची घाऊक पेढी म्हणूनच सुरू झालेली.

तर अशा गावात १९७० ला साकामोतो सांग्यो नावाची पेढी निघाली, अवजारं आणि घरगुती लोखंडी सामानाची, तीच आजची आर्कलँड्स. पुढे त्यांनी स्वतःची दुकानं काढली, मुसाशी नावाची. होम सेंटर म्हणतात त्याला इथे. म्हणजे एका छपराखाली प्लायवूड, सिमेंटच्या गोण्या, नळ, रंग, खत, कुत्र्याचं खाणं, कुंड्या, सायकली, झाडू, सगळं. जपानमध्ये हा प्रकार १९७२ च्या सुमाराला सुरू झाला, टोकियोजवळच्या साइतामा भागात. मुसाशीची काही दुकानं इतकी मोठी आहेत की पहिल्यांदा गेलात तर स्क्रूच्या गल्लीतच अर्धा तास जातो, माझा अजूनही जातो. थंडीच्या तोंडावर बर्फ ढकलायची फावडी आणि ढकलगाडीसारखे मोठे स्नोडंप दारातच रचून ठेवतात, वसंत आला की त्याच जागी भाताच्या रोपांचे ट्रे. इथे वर्ष कुठे पोचलंय ते दारात काय रचलंय त्यावरून कळतं.

आता खाण्याचा भाग. १९९३ ला त्यांनी हॉटेलांसाठी वेगळी कंपनी काढली आणि १९९८ ला कात्सुया नावाचं पहिलं दुकान. तिथे मिळतो तोंकात्सु म्हणजे डुकराच्या मांसाचा तळलेला कटलेट, तो भातावर अंडं घालून देतात त्याला कात्सुदोन म्हणतात. तेव्हा चांगल्या तोंकात्सुच्या हॉटेलात जेवायला हजार येन सहज जायचे, यांनी साधारण निम्म्यात द्यायला सुरुवात केली. कसं काय परवडलं? तळणं आचाऱ्याच्या हातातून काढून यंत्राला दिलं. तेलातून पट्टा फिरतो, कच्चा कटलेट एका बाजूने टाकायचा, ठरलेल्या वेळाने दुसऱ्या बाजूने तळून बाहेर. कॉलेजचा पोरगा पण चालवतो. मेनू छोटा, जागा हायवेलगत, गाडी लावायला जागा, बरंचसं पार्सल, आणि बिलाबरोबर पुढच्या वेळचं १०० येन सवलतीचं कूपन. कूपन खिशात असलं की माणूस परत येतोच, मी पण जातो, डॉक्टर नको म्हणाला तरी.

पण भावाला हे सांगा की पहिलं कात्सुया कुठे निघालं. सान्जोत मुसाशीच्या पार्किंगमध्ये नाही. सागामिहारामध्ये, कानागावा प्रीफेक्चरमध्ये, टोकियोच्या बाजूला, म्हणजे आपल्या गावापासून आणि आपल्या गिऱ्हाइकापासून चांगलंच लांब. ते लोक हार्डवेअरच्या गिऱ्हाइकाला जेवायला घालत नव्हते. त्यांनी नेलं ते दुसरंच काहीतरी, एकसारखी दुकानं एकामागून एक काढायची, प्रत्येकात तोच माल त्याच पद्धतीने ठेवायचा, दर पाडून ठेवायचे, नवीन माणूस आठवड्यात तयार करायचा. हे कसब हातोड्यालाही चालतं आणि कटलेटलाही. शिवाय हॉटेलांचा हिशोब पूर्ण वेगळा ठेवला, २००७ ला ती कंपनी शेअर बाजारात स्वतंत्र नोंदवली. जपानमध्ये कात्सुयाची आज चारशेच्या वर दुकानं आहेत, हाँगकाँग-थायलंडकडेही गेली आहेत. शेजारच्या गाळ्यात खानावळ काढणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात गल्लाही एक होतो, माणसंही तीच, आणि दुपारी सिमेंटचा ट्रक आला की आमटी करपते.

बरं, हे सगळं करायची गरज का पडली तेही बघा. जपानमधल्या होम सेंटरचा एकूण धंदा साधारण ४ लाख कोटी येनचा आणि तो जवळजवळ वीस वर्षं तिथेच आहे, दुकानं वाढली, जागा वाढली, विक्री नाही. घरं कमी बांधली जातायत, १९९६ ला वर्षात १६ लाखांच्या वर नवी घरं सुरू झाली होती, २०२३ ला ८ लाखांच्या आसपास. नीगातात तर माणसंच कमी होतायत, तरुण टोकियोला जातो, आईबाप गेले की घराला कुलूप. मग बांधकामाचं सामान विकणाऱ्याने करायचं काय? एक म्हणजे नव्या घराऐवजी जुन्या घराच्या मागे लागायचं. म्हणून होम सेंटरात आता कमोड, गीझर, अख्खं बाथरूम बदलून द्यायचं काउंटर असतं, ऑर्डर दुकान घेतं, काम जवळचा कारागीर करतो, आणि दुकान सामानाबरोबर मजुरीवरही कमावतं. म्हाताऱ्या माणसाला जिन्याला धरायला कठडा हवा असतो, त्यासाठी तो ठेकेदार शोधत बसत नाही. सर्व्हिस सर्व्हिस म्हणतात ती ही. कागदावर ती सगळ्यात कमी झगमगाटाची, पण मला विचाराल तर तुमच्या दुकानाला यातलंच काहीतरी सगळ्यात जवळचं आहे.

आणि वडिलांसाठी. आर्कलँड्सने आजवर सगळ्यात मोठी जोखीम घेतली ती कटलेटमध्ये नाही, आपल्याच धंद्यात. २०२० ला त्यांनी लिक्सिल विवा विकत घेतली. विवा होम ही होम सेंटरचीच साखळी, खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटी बनवणाऱ्या तोस्तेमची, ती पुढे लिक्सिल या मोठ्या बांधकाम साहित्याच्या कंपनीत गेली. लिक्सिलला दुकानं चालवायची नव्हती, त्यांनी विकायला काढली. आणि घेणारी कोण तर विक्रीत तिच्यापेक्षा लहान असलेली सान्जोची कंपनी, १० हजार कोटी येनच्या वर रक्कम. कर्ज काढून. लहान माशाने मोठा गिळला म्हणून तेव्हा इथल्या पेपरात खूप चर्चा होती. त्याच वर्षी शिमाचू नावाच्या साखळीसाठी होम सेंटरवाली डीसीएम आणि फर्निचरवाली नितोरी यांच्यात बोली लागली होती आणि नितोरीने ती नेली, म्हणजे सगळेच घाईत होते, बाजार वाढत नसला की दुसऱ्याचं दुकान घेणं एवढाच वाढायचा रस्ता उरतो.

विवामध्ये त्यांना हवं होतं ते मोठ्या शहरांचं गिऱ्हाईक आणि मुख्य म्हणजे कारागीर. विवाच्या मोठ्या दुकानांत बांधकाम साहित्याचा विभाग वेगळा असतो आणि तो भल्या सकाळीच उघडतो, कारण सुतार, प्लंबर, एकट्याने काम घेणारे ठेकेदार साइटवर जाण्याआधी माल भरतात. छोटा टेम्पो थेट आत घ्यायचा, लाकूड, जिप्सम बोर्ड, गोण्या टाकायच्या आणि निघायचं. असं गिऱ्हाईक आठवड्यातून चारदा येतं आणि फार घासाघीस करत नाही, त्याला माल तिथे हवा असतो बस. २०२२ च्या सप्टेंबरात दोन्ही कंपन्या एक करून आर्कलँड्स हे नाव घेतलं आणि २०२३ ला हॉटेलांची कंपनी पण पूर्ण आपल्याकडे घेतली. ज्या हॉटेलांना एवढी वर्षं वेगळं ठेवलं ती परत पोटात का घेतली यावर माझा अंदाज असा की एवढं कर्ज डोक्यावर असताना रोज रोकड देणारा धंदा पूर्ण आपला असलेला कोणालाही आवडेल. माझा अंदाज हां, कंपनी असं बोलणार नाही. तेव्हा 'एकच धंदा धरा' यातही सुरक्षितता असतेच असं नाही, एकच धंदा दुप्पट मोठा करणं हाही जुगारच.

तुम्ही सिमेंटवाल्यांबद्दलही विचारलंय. फुकुओकाकडचा आसो गट बघा, १८७२ ला कोळशापासून सुरू, मग सिमेंट, आणि १९१८ पासून ईझुका गावात मोठं हॉस्पिटल. माजी पंतप्रधान तारो आसो राजकारणात यायच्या आधी त्या सिमेंट कंपनीचे अध्यक्ष होते. कोळशाच्या खाणी साठच्या दशकात बंद पडल्या, हॉस्पिटल आणि सिमेंट राहिलं. त्या खाणींत युद्धाच्या काळात कोरियन मजूर आणि युद्धकैदी राबवले गेले हा भाग कौतुक करताना लोक गाळतात. ओकिनावातला कानेहिदे गट अजून वेगळा, १९४७ ला युद्धाने सपाट झालेल्या बेटावर लोहारकामापासून सुरू, आज स्टील-ॲल्युमिनियमची कामं, सुपरमार्केट, गोल्फचं मैदान. बेटावर बाहेर पसरायला जागाच नाही, म्हणून त्याच लोकांना वेगवेगळं विकत राहिले.

त्याच लोकांना वेगवेगळं विकण्याचा सगळ्यात नीट नमुना मात्र परत सान्जोचाच, कोमेरी. १९५२ ला तांदळाचं दुकान, मग इंधन-गॅस, १९७७ ला पहिलं होम सेंटर. आर्कलँड्सने मोठी दुकानं काढली, यांनी उलटं केलं, भातशेतीच्या मधोमध छोटी छोटी दुकानं, जिथे दुसरं कोणी जायला तयार नाही तिथे, आज १,२०० च्या वर आहेत. खत, औषध, पाइप, पत्रा, गमबूट. आणि शेतकऱ्याला पैसे पीक निघाल्यावर द्यायची सोय, त्यासाठी कोमेरी कॅपिटल नावाची स्वतःची कार्ड कंपनी. उधारी तुमच्याकडेही असणारच, शेतकरी गिऱ्हाईक म्हटलं की ती आलीच, पण तिथे ती दुकानदाराच्या वहीत आणि भिडेत नसते. मर्यादा आधी ठरते, तारीख ठरते, वसुली कार्ड कंपनी करते, आणि काउंटरवरच्या माणसाला कोणाच्या तोंडाकडे बघून नाही म्हणावं लागत नाही. २००४ च्या नीगातातल्याच चुएत्सु भूकंपानंतर तर त्यांनी आपत्तीत सामान पोचवायला वेगळी संस्थाच काढली, गावोगावच्या नगरपालिकांशी करार करून ठेवलेत की ताडपत्र्या, पाण्याचे कॅन, टॉयलेट असं लागेल ते आधी इथून जाईल. दुकानं खेड्यात असल्याचा असाही उपयोग.