काखेतली गाठ आणि तिच्यातल्या तीन ऊती

फोंडा
श्रावण

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दहा महिन्यांच्या बाळाच्या काखेतील गाठीवर 'सार्कोमाची', म्हणजे मऊ ऊतींच्या कर्करोगाची, 'शक्यता' असे लिहिण्यापूर्वी तू हात आवरलास, याचे मला फार समाधान वाटले. तू पाठवलेली स्लाइडची छायाचित्रे मी दोनदा पाहिली. माझ्या मते हा फायब्रस हॅमार्टोमा ऑफ इन्फन्सी, म्हणजे तान्ह्या बाळांत होणारी, कर्करोग नसलेली गाठ आहे. विकृतिशास्त्रज्ञ राय यांनी 1956 साली या गाठीचे वर्णन केले आणि एन्झिंगर यांनी 1965 साली तिला आजचे नाव दिले. बहुतेक वेळा ती आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत, मुलींपेक्षा मुलांत अधिक, आढळते.

हिचे निदान एकट्या पेशीवरून होत नाही, मांडणीवरून होते. म्हणून स्लाइड आधी सर्वांत कमी पॉवरवर सावकाश फिरव. एकमेकांना छेदत जाणारे गुलाबी पट्टे दिसतील, त्यांत फायब्रोब्लास्ट आणि मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशी, असतात. पट्ट्यांच्या मधल्या जागेत पक्व चरबी असते. आणि अधूनमधून, फिकट निळसर मिक्सॉइड (बुळबुळीत) द्रव्यात, गोल किंवा ताऱ्यासारख्या कोवळ्या मेसेन्कायमल (संयोजी ऊतींच्या मूळ) पेशींचे पुंजके असतात. तुला भीती वाटली ती या पुंजक्यांची. पण त्यांची केंद्रके नीट पाहा: ती एकसारखी आहेत, त्यांत विभाजन जवळजवळ नाही. प्रथिने ओळखणाऱ्या विशेष रंगतपासणीत या पेशी सीडी 34 ने रंगतात, पट्टे स्मूथ मसल ॲक्टिनने. या गाठीतला ईजीएफआर जनुकाच्या 20 व्या एक्झॉनमधील (जनुकाच्या एका तुकड्यातील) बदल 2016 पासून ठाऊक आहे, तरी तिन्ही ऊती स्पष्ट असताना त्या तपासणीचा खर्च पालकांवर टाकू नये, असे मला वाटते.

माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला अशाच गाठीचा सुईने काढलेला बारीक तुकडा आला, त्यात केवळ चरबी होती आणि मी लायपोमा (साधी चरबीची गाठ) लिहून मोकळा झालो. पुढे पूर्ण गाठ आली तेव्हा उरलेल्या दोन्ही ऊती तिच्यात होत्या. अहवाल बदलला म्हणून ते आईवडील भर पावसात सत्तरी तालुक्यातून पुन्हा आले. बाळाला कुशीत घेऊन उभ्या असलेल्या त्या माउलीने, 'मग आधी काय होते?' असे विचारले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा कापलेली कड स्लाइडवर ओळखता यावी म्हणून गाठीच्या कडांना शाई लाव, करड्या-पांढऱ्या आणि पिवळ्या अशा दोन्ही भागांतून ब्लॉक (तपासणीसाठी मेणात बसवायचे तुकडे) घे. कडेला ऊती उरल्या असतील तर तसे स्पष्ट लिही, कारण ही गाठ क्वचित पुन्हा वाढते. मात्र ती दूर पसरत नाही, हे वाक्यही त्याच अहवालात असू दे, आणि सर्जनला आजच फोन कर, म्हणजे बाळाच्या घरच्यांना रात्रभर वाट पाहावी लागणार नाही.

तुझा,
सर