गाडी शांत आहे, पण बंद केलीत का? हायब्रिडवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात हायब्रिड गाडी कोणी घ्यावी यावर लिहिलं होतं. त्यावर आलेले बरेचसे प्रश्न घेऊ का नको याचे नव्हतेच, ज्यांनी घेतलीये त्यांचे होते, की ही लावायची कशी आणि कंपनी सांगते ते अ‍ॅव्हरेज आम्हाला का मिळत नाही. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच. खाली नुसतं हायब्रिड म्हटलंय तिथे स्ट्राँग हायब्रिड समजा, म्हणजे हायरायडर, ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस यांची हायब्रिड मॉडेल्स किंवा होंडा सिटी ई-एचईव्ही, ज्या नुसत्या मोटरवर पण चालतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत जागा कमी, गाड्या एकामागे एक लागतात. वॉचमन म्हणतो न्यूट्रलला टाका आणि हँडब्रेक लावू नका, म्हणजे ढकलता येते. जुन्या गाडीला तसंच करायचो. आता हायब्रिड घेतलीये, हिला न्यूट्रलला ठेवून बंद कसं करायचं? (वाचक, ठाणे)

नका करू, खरंच नका करू. ज्या गाड्यांत गिअरचं बटण असतं त्या बंद केल्या की स्वतःच पी (पार्क) मध्ये जातात, त्यामुळे तिथे प्रश्नच मिटला. लिव्हरवाल्या बऱ्याच गाड्यांत गंमत वेगळी आहे, लिव्हर पी मध्ये नसेल तर पॉवरचं बटण दाबूनही गाडी पूर्ण बंद होत नाही, आतली वीज अर्धवट चालूच राहते आणि सकाळपर्यंत १२ व्होल्टची बॅटरी झोपते. आणि समजा रेडी (गाडी चालू असल्याची डॅशबोर्डवरची खूण) चालू ठेवूनच एन (न्यूट्रल) ला सोडली, तर टोयोटाच्या सिस्टीममध्ये एन ला असताना मोटर चालवणारी मोठी बॅटरी चार्जच होत नाही, ती नुसती उतरत राहते.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी पी नाही, हँडब्रेक नाही अशी दीड टनाच्या आसपासची गाडी स्टिल्टमध्ये सोडून जायची, जिथे पाणी वाहून जावं म्हणून फरशीला थोडा उतार दिलेला असतोच आणि पोरं सायकली फिरवत असतात, हे मला कुठल्याच गाडीच्या बाबतीत पटत नाही. त्यापेक्षा काचेवर फ्लॅट नंबर आणि मोबाईल नंबर लावा, आणि सकाळी लवकर निघणारी गाडी बाहेरच्या बाजूला असा क्रम मिटिंगमध्ये ठरवून घ्या. किल्ली वॉचमनकडे ठेवत असाल तर त्याला एकदा शेजारी बसवून दाखवा की रेडी लिहिलेलं दिसतंय म्हणजे ही गाडी चालू आहे, आवाज नसला तरी. डी (ड्राइव्ह) ला असताना ब्रेकवरचा पाय काढला की ती निघते. हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आईबाबा पुण्याहून आलेत. आमची जुनी हायब्रिड घराला लागूनच्या गॅरेजमध्ये असते. परवा बाबा गाडी आत लावून, किल्ली खिशात टाकून घरात आले, नंतर बघितलं तर डॅशबोर्डवर रेडी तसंच. बाबा म्हणतात आवाजच नव्हता, मग धोका कसला? (वाचक)

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. आवाज नव्हता कारण त्या क्षणी इंजिन बंद होतं, गाडी नाही. बॅटरी थोडी उतरली, किंवा एसी-हीटर चालू राहिला, की कॉम्प्युटर आपणहून इंजिन सुरू करतो, चार्ज झालं की बंद करतो, परत सुरू करतो. हे बंद गॅरेजमध्ये रात्रभर चाललं तर कार्बन मोनॉक्साईड साठतो आणि मधल्या दारातून घरात येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा आहे. अमेरिकेत अशा बटणाने चालू होणाऱ्या गाड्या गॅरेजमध्ये चालू राहून माणसं गेलीयेत, आणि त्यात वयस्कर लोक बरेच होते. टोयोटाने २०१९ मध्ये जाहीर केलं की तिथल्या बहुतेक गाड्यांना २०२० च्या मॉडेलपासून ठरावीक वेळाने आपोआप बंद व्हायची सोय देणार. तुमची गाडी जुनी आहे म्हणता, तर तिला ती सोय नाही असंच धरून चाला.

आजच करायचं काम म्हणजे घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे का, आणि चालतोय का, ते बघायचं. अलार्म वाजला तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ ला फोन करा. आणि बाबांना एक क्रम लावून द्या : गाडी थांबली, हँडब्रेक, पी, पॉवरचं बटण, स्क्रीन काळी झालेली डोळ्याने बघायची, आणि मगच सीटबेल्ट सोडायचा. बेल्ट सगळ्यात शेवटी ठेवला की मधलं काही सुटत नाही, कारण बेल्ट काढल्याशिवाय कोणी उतरूच शकत नाही. किल्ली खिशात घेऊन उतरलं की गाडी बीप बीप करते, पण वयोमानाने तो बारीक आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्या बीपच्या भरवशावर राहू नका.

हेच इकडच्यांना पण लागू आहे. बंगल्याच्या शटर लावलेल्या गॅरेजमध्ये, किंवा गणपतीला कोकणात जाताना ट्रॅफिकमध्ये कंटाळून बाजूला गाडी घेऊन काचा लावून, एसी सुरू करून झोपणं. हायब्रिड आहे, धूर नाही, असं वाटतं, पण इंजिन तुमच्या झोपेत सुरू होणारच आहे.

प्रश्न : हायरायडर हायब्रिड आहे. कंपनी २७.९७ सांगते, मला १८-१९ मिळतंय. ऑफिस चार किलोमीटर. शक्य तेवढं ईव्हीचं (नुसत्या मोटरवर चालवायचं) बटण दाबूनच चालवतो, तरी ही रड. सर्व्हिसवाले म्हणतात गाडीत काही नाही. (वाचक, नागपूर)

गाडीत खरंच काही नसणार. तो २७.९७ चा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो आणि तुम्ही नागपूरच्या उन्हात एसी लावून चार किलोमीटर जाताय. हायब्रिडला सगळ्यात जास्त मारतात त्या छोट्या फेऱ्या. इंजिन थंड असताना बॅटरी भरलेली असली तरी गाडी इंजिन चालवते, कारण इंजिन आणि सायलेन्सरच्या नळीतला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापायला हवा, आणि ते तापून हायब्रिडचा खरा फायदा सुरू व्हायच्या वेळेला तुमचं ऑफिस आलेलं असतं. म्हणून भाजी, बँक, क्लासवरून मुलीला आणणं ही कामं वेगवेगळ्या वेळी न करता एकाच फेरीत घ्या, आणि सगळ्यात लांबचं काम आधी. गरम इंजिनवर पुढची सगळी कामं स्वस्तात होतात.

आता ईव्हीचं बटण. तुमच्या गाडीची बॅटरी ०.७६ किलोवॅट-अवरची, म्हणजे लाईट बिलावरच्या भाषेत पाऊण युनिट, आणि तेवढी पण गाडी पूर्ण वापरू देत नाही. ही वीज बाहेरून आलेली नाही, तुमच्याच पेट्रोलची किंवा तुमच्याच ब्रेकिंगची आहे. जबरदस्तीने ईव्हीवर चालवून बॅटरी खाली आणली की नंतर इंजिनला गाडी ओढता ओढता ती भरावी पण लागते, आणि वीज करण्यात, साठवण्यात, परत वापरण्यात प्रत्येक वेळी थोडी वाया जाते. ते बटण रात्री उशिरा सोसायटीत आवाज न करता गाडी लावायला छान, रोजच्या अ‍ॅव्हरेजसाठी नाही.

अ‍ॅव्हरेज मिळतं ते पायात. सिग्नल सुटल्यावर मुंगीच्या पावलाने निघायची गरज नाही, डॅशबोर्डवरचा काटा इको मध्ये राहील एवढं ठीक दाबून ५० पर्यंत या आणि मग पाय हलकेच उचलून थोडासा परत ठेवा, इंजिन बंद होतं आणि गाडी मोटरवर वेग धरून ठेवते. ही सवय लागायला थोडे दिवस जातात, पण एकदा लागली की फरक तुम्हालाच दिसेल. आणि ब्रेक लवकर पण हळू. जोरात दाबला की साधे ब्रेक पॅड काम करतात आणि सगळी शक्ती उष्णता होऊन जाते, लांबून हळू दाबला की काटा चार्जमध्ये राहतो आणि तीच शक्ती बॅटरीत येते. पुढचा सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय काढा, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

नागपूरला सावलीतलं पार्किंग म्हणजे सरळ पेट्रोलची बचत आहे. हायब्रिडचा एसी विजेवर चालतो, तापलेली गाडी थंड करायला तो बॅटरी ओढतो आणि बॅटरीसाठी इंजिन धावतं. सावली मिळत असेल तर दोनशे पावलं लांब लावा, नाहीतर काचेला सनशेड लावा आणि निघताना पहिला मिनिटभर काचा खाली घेऊन गरम हवा जाऊ द्या. बॅटरीला पण उष्णता सोसत नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटच्या आसपास एक जाळी असते, तिथून बॅटरीचा पंखा गार हवा घेतो, तिच्यासमोर पिशव्या, गोधड्या, ऑफिसची बॅग काही ठेवू नका आणि तिचा फिल्टर सर्व्हिसला साफ करून घ्या. कुत्रा गाडीतून जात असेल तर केसांनी तो हमखास भरतो.

राहिली टायरची हवा, ती गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीये तेवढी. पंधरा दिवसांनी बघा.

प्रश्न : कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला नेहमी जाणं असतं. उतारावर एन ला टाकली तर पेट्रोल वाचेल ना? आणि घाटात गाडी लावायची वेळ आली तर नुसत्या पी वर भागतं का?

एन ला टाकून उतरू नका. डी मध्ये पाय काढलात की उतारावर गाडी पेट्रोल जवळजवळ घेतच नाही आणि वर चार्जिंग पण होतं, एन ला ते चार्जिंग बंद आणि सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर बी मध्ये टाका, ती गिअरची उतारावर गाडीचा वेग रोखून धरणारी जागा. खाली येता येता बॅटरी भरते आणि मग इंजिन एकदम मोठ्याने फिरायला लागतं, त्याला घाबरू नका, जास्तीची शक्ती घालवायला गाडी मुद्दाम ते करते. सपाट रस्त्यावर मात्र बी नको, तिथे तोटाच आहे.

नुसत्या पी वर भागत नाही. पी म्हणजे आत एक छोटा लोखंडी दात गिअरमध्ये अडकतो, सगळी गाडी त्याच्यावर लटकवली की परत निघताना जो खट्ट आवाज येतो तो त्याचाच. ब्रेक दाबलेला ठेवा, हँडब्रेक लावा, पाय सैल करून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, आणि मग पी. चाकं पण वळवा. डाव्या कडेला लावलीये आणि तोंड उताराकडे असेल तर स्टिअरिंग डावीकडे. तोंड चढाकडे असेल आणि कडेला कठडा किंवा कर्ब असेल तर उजवीकडे, म्हणजे गाडी मागे सरकली तरी चाक कर्बला अडकतं. कर्ब नसेल तर चढावर पण डावीकडेच. पण जिथे डावीकडे दरी आहे तिथे मुळात लावूच नका, पुढे रुंद जागा मिळेपर्यंत जा, फोटो तिथून पण येतो.

प्रश्न : माझ्या एर्टिगावर स्मार्ट हायब्रिड लिहिलंय. हे सगळं तिला लागू का? (वाचक, जळगाव)

नाही. ती माईल्ड हायब्रिड आहे, मोटर फक्त हातभार लावते, गाडी एकटी ओढत नाही. मॅन्युअल असेल तर उलट सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडा, तरच इंजिन आपोआप बंद होतं. बऱ्याच जणांना क्लच दाबून उभं राहायची सवय असते म्हणून ते कधी बंदच होत नाही.

प्रश्न : तीन महिने मुलीकडे जाणार आहोत, गाडी पुण्यात बिल्डिंगखाली राहील. शेजारी रोज पाच मिनिटं चालू करतो म्हणतोय.

पाच मिनिटांचा काही उपयोग होत नाही. टोयोटाचं म्हणणं असं की काही महिन्यांतून एकदा तरी किमान अर्धा तास किंवा १६ किलोमीटर गाडी चालवा, ते मोठ्या बॅटरीसाठी. १२ व्होल्टची त्याआधीच उतरते, म्हणून शेजाऱ्यांना पंधरा दिवसांनी एक चांगली अर्ध्या तासाची चक्कर मारायला सांगा. जागेवरच चार्ज करायची असेल तर उघड्यावर, आणि रेडी आलंय ना ते बघून, नुसते लाईट लागले म्हणजे चार्जिंग होत नाही. स्मार्ट किल्ली गाडीपासून लांब ठेवा, जवळ असली की दोघं एकमेकांशी बोलत राहतात आणि दोन्हीकडची बॅटरी खातात. पावसाळ्यात सपाट जागेवर हँडब्रेक न लावता पी आणि चाकाला पुढेमागे लाकडी ठोकळे, म्हणजे ब्रेक चिकटत नाहीत.

प्रश्न : बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं, चाकं अर्धी बुडाली. चालू करून बघू का? (वाचक, मुंबई)

अजिबात नाही, स्टार्टला हात लावू नका आणि नारिंगी रंगाच्या जाड केबलच्या जवळपास पण जाऊ नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात. पाणी ओसरल्यावर सर्व्हिस सेंटरला आणि इन्शुरन्सला फोन करा, त्याआधी पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढून ठेवा. नेताना गाडी पूर्ण वर चढवून नेणारा फ्लॅटबेडच मागवा. या गाड्यांची पुढची चाकं मोटरला जोडलेली असतात, ती रस्त्यावर फिरवत ओढली तर मोटर वीज बनवायला लागते आणि खर्च वाढतो. फोनवरच विचारा फ्लॅटबेड आहे ना, साधी हुकवाली आली तर परत पाठवा.